चुकीच्या कारणाची भिंत

सांत्वनाला आलेली माणसं चहा संपल्यावरही उठेनात, तेव्हा पद्मजाच्या ध्यानात आलं की यांच्या पोटात आणखी काहीतरी आहे.

काकासाहेब शेवरवाडीचे सरपंच. वैजापूरहून सकाळच्या एसटीनं औरंगाबादला आले होते. सोबत वच्छलाबाई नावाची एक काटक म्हातारी होती. दोघंही सतरंजीवर, भिंतीला पाठ न टेकता बसली होती. दरोगासाहेबांसारखा माणूस पुन्हा होणे नाही, हे काकासाहेबांचं दोनदा म्हणून झालं होतं आणि वच्छलाबाईंनी दोन्ही वेळा पदर डोळ्यांना लावला होता.

सदाशिवरावांना जाऊन महिना होत आला होता. निजामाच्या अमदानीत ते सफाई खात्यात दरोगा होते. पोलीस ॲक्शननंतर हुद्द्याचं नाव बदललं, पण वैजापूरकडच्या माणसांसाठी ते शेवटपर्यंत दरोगासाहेबच राहिले. पद्मजा त्यांची एकुलती एक मुलगी. सरकारी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. वडील गेल्यापासून तिला एका जागी बसवत नव्हतं. वर्गात ती खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत शिकवे, घरी आली की धुतलेली भांडी पुन्हा विसळी, वाचायला घेतलेलं पुस्तक उभ्यानं चाळून दुसऱ्याच फळीवर ठेवून देई. कॉलेजातले म्हणत, बाई मोठ्या खंबीर. तसं काही नव्हतं. तिला रडायला येत नव्हतं, एवढंच. आणि थांबायलाही येत नव्हतं.

आताही ती कपबशा उचलायला वाकली, तेव्हा काकासाहेबांनी घसा खाकरला.

"ताई, बसा जरा. एक बोलायचं व्हतं. बारवेची भिंत काढायची म्हणतो आम्ही."

पद्मजा कपबशा हातात घेऊन उभीच राहिली.

शेवरवाडीची बारव जुनी, चिरेबंदी, एका अंगानं थेट पाण्यापर्यंत पायऱ्या उतरत गेलेल्या. पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी सदाशिवरावांनी त्या पायऱ्यांच्या तोंडाशी दगडी भिंत घालून वाट बंद केली आणि समोरच्या बाजूनं रहाट बसवला. कुणी आत उतरायचं नाही, पाणी दोरानंच शेंदायचं. त्यांना कोणीही तसं करायला सांगितलं नव्हतं. जुने साहेब हैदराबादेकडे निघून गेले होते, नवे अजून यायचे होते. कुणाचा हुकूम चालतो हे त्या दिवसांत कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून दरोगासाहेबांचा चालला.

कारण होतं नारू. शेवरवाडीत तेव्हा घरटी एखादा माणूस उन्हाळ्यात अंथरुणाला खिळलेला असे. पायाला फोड यायचा, फोड फुटायचा, आतून सुतासारखा पांढरा किडा डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा आणि तुटला तर पाय सडायचा. सदाशिवरावांनी गावभर हिंडून पाहिलं. ज्यांच्या घरी स्वतःचा आड होता, जे कधी बारवेत उतरत नव्हते, त्यांना नारू नव्हता. पायऱ्यांवर आणि गाळात उभं राहून पाणी भरणाऱ्यांना होता, आणि तोही बहुतेक पायालाच. त्यांनी सरळ ठरवलं की नारू गाळातून पायात शिरतो. पाय पाण्याबाहेर ठेवले की तो संपला. आणि खरोखरच दोन-तीन उन्हाळ्यांत गावातला नारू संपला.

"साहेब व्हते तवर कुणी भिंतीला हात लावला नाय," काकासाहेब म्हणाले. "मनात लई जणांच्या व्हतं. पर त्यांचा जीव व्हता तिच्यात."

"म्हणजे ते जाईपर्यंत थांबलात."

"थांबलो," काकासाहेबांनी नजर चुकवली नाही. "त्यांच्या डोळ्यांदेखत पाडणं बरं दिसलं नसतं."

वच्छलाबाईंनी पदर बाजूला करून उजवा खांदा पुढं केला. हाडापाशी तो एका बाजूला उचलल्यासारखा झाला होता. "हे बघ बाई. दोर वढू वढू असा झाला. पायऱ्या व्हत्या तवा घागर बुडवायची न् डोईवर घ्यायची. आता उन्हाळ्यात पाणी पार तळाला जातं. तितका दोर वढायचा, तवा एक पोहरा. बाप्यांना काय, त्यांना आयतं मिळतंय."

"आन् सून बाळंत झालीय माझी," काकासाहेब म्हणाले. "आमच्याकडं बाळंतिणीनं पाणी पुजायचं ते शेवटच्या पायरीवर उतरून. भिंत झाल्यापासून बाया रहाटापाशीच कुंकू वाहून उरकतात. जुन्यांना ते गोड लागत नाय. पर त्यापायी नाय म्हणत मी. केंद्रात नवा डॉक्टर आलाय, आष्टीकर म्हणून. त्यानं चित्रं लावून सांगितलं, नारू पायातून शिरतच नाय. पिण्यातून पोटात जातो. मग भिंत काहून ठेवायची?"

पद्मजाला खोटं बोलता येत नसे. हा स्वभाव तिला ज्यांच्याकडून मिळाला होता, त्यांचा फोटो काकासाहेबांच्या डोक्यावरच टांगलेला होता.

"डॉक्टर बरोबर सांगतात," ती म्हणाली.

"मग झालं तर!" वच्छलाबाईंनी मांडीवर थाप मारली.

काकासाहेब सावरून बसले. "म्हणूनच आलो. येत्या सोमवारी ग्रामसभा हाय. ठराव झाला की पहिला दगड तुमच्या हातानं काढायचा. लेकीनं हात लावला म्हंजी साहेबांनीच परवानगी दिल्यासारखं. मग आमच्याबी मनाला बोच राहायची नाय."

पद्मजानं येते म्हणून सांगितलं. ती माणसं गेल्यावर तिनं त्या कपबशा विसळल्या, पुसल्या आणि परत विसळल्या.

तिला सगळं माहीत होतं, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून. नारूची मादी वर्षभर माणसाच्या अंगात वाढते, मग पायापर्यंत उतरते आणि कातडीला फोड आणते. फोडाची आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात घालतो. तीच वेळ साधून मादी हजारो पिल्लं पाण्यात सोडते. पाण्यातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पिसवा ती पिल्लं गिळतात. त्या पिसवा पाण्यासोबत दुसऱ्याच्या पोटात गेल्या की पुढच्या वर्षी त्याच्या पायाला फोड. वडिलांनी भिंत घातली त्याच्या कितीतरी आधी हे पुस्तकांत छापलेलं होतं. शेवरवाडीपर्यंत ते पोचलं नव्हतं, आणि सफाई खात्याच्या दरोग्याला ती पुस्तकं कुणी दिली नव्हती.

सुट्टीत घरी आली असताना तिनं त्यांना चित्र काढून समजावलं होतं. सदाशिवरावांनी चष्मा वर करून चित्र पाहिलं, मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "असेल." मग म्हणाले, "भिंत राहू दे." त्यानंतर त्या विषयावर दोघं कधी बोलली नाहीत. पुढंही ते गावोगाव पायाचंच सांगत राहिले. ते बदलले नाहीत आणि तिनं आग्रह धरला नाही.

आता मात्र तिला झोप येईना. पिण्यातून येतो हे खरं, पायातून शिरतो हे खोटं. पण भिंत? भिंत तर पायच अडवत होती. तिनं वहीच्या मागच्या पानावर पुन्हा ते जुनं वर्तुळ काढलं: माणूस, पाणी, पिसू, माणूस. मग पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारली. रेघ बरोबर माणूस आणि पाण्याच्या मध्ये आली. वडिलांनी नेमकी तीच जागा बंद केली होती. फक्त त्यांना वाटत होतं की नारू त्या वाटेनं आत येतो. तो त्या वाटेनं बाहेर पडत होता.

सोमवारी ती भल्या सकाळी निघाली. एसटीत खिडकीपाशी जागा मिळूनही वैजापूरपर्यंत ती तीनदा उठून उभी राहिली. कंडक्टरनं विचारलं, "बाई, उतरायचंय का?" ती नाही म्हणाली आणि परत बसली. काय बोलायचं ते तिच्याजवळ तयार होतं, पण पहिलं वाक्य तोंडात येत नव्हतं. कारण भिंत वाचवायची तर आधी भर गावात सांगावं लागणार होतं की दरोगासाहेबांचं चुकलं होतं. ते सांगायला त्यांच्याच मुलीनं जायचं, आणि तेही गावातली माणसं त्यांच्या आठवणीनं अजून डोळे पुसत असताना.

सभा चावडीपुढच्या लिंबाखाली भरली. बाप्ये पुढं, बाया मागं ओट्याच्या सावलीला. काकासाहेबांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. चावडीच्या मागं बारव होती. कुणी काही बोललं नाही की रहाटाची करकर ऐकू यायची.

डॉक्टर आष्टीकर तरुण होते, हसतमुख आणि कामाचे. त्यांनी लांबलचक भाषण केलं नाही. "मंडळी, नारू हा पाण्याच्या घोटातून होतो. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या, नारू होणार नाही. पायऱ्या उघड्या असोत की बंद, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. सदाशिवरावांनी त्यांच्या काळात, त्यांच्या समजुतीप्रमाणे चांगलं काम केलं. आता खरं कारण कळलं आहे, तर बायकांचे खांदे कशाला मोडायचे?"

मागून बायांचा मोठ्ठा होकार आला.

"आता ताई दोन शब्द सांगतील," काकासाहेब म्हणाले. "मग आपण बारवेकडं जाऊ." कडूबा नावाचा एक दांडगा माणूस पहार घेऊनच आला होता. त्यानं ती दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"माझ्या वडिलांचं चुकलं होतं," पद्मजा म्हणाली.

हेच ते पहिलं वाक्य होतं. तिनं खुर्ची घट्ट धरली.

"नारू पायातून शिरत नाही. डॉक्टरांचं खरं आहे. वडिलांनी तुम्हाला इतकी वर्षं सांगितलं ते चूक होतं. मी त्यांनाही हे सांगितलं होतं."

लिंबाखाली कुजबुज उठली. मग वच्छलाबाईंचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"अगं बाई, बापाला जाऊन महिना नाय झाला. आतापासूनच त्याच्या चुका काढाया लागलीस? शिकली म्हंजी लई मोठी झाली व्हय?"

"आन् दरोगासाहेबाचं चुकलं तर मग गावातला नारू गेला कुठं? पळून गेला का?" कुणीतरी म्हातारा बोलला. लोक हसले.

"चुकलं म्हंजी मग वांदाच मिटला," कडूबा म्हणाला. "चला बारवेवर."

"थांबा," पद्मजा म्हणाली. "कारण चुकलं. भिंत चुकली नाही."

हे कुणालाच कळलं नाही. डॉक्टरांच्या कपाळावरही आठी आली. तिनं वर्तुळ सांगून पाहिलं. माणसातून पाण्यात, पाण्यातून पिसवेत, पिसवेतून माणसात. पुढच्या ओळीतला एकजण जांभई देत होता. कॉलेजातल्या मागच्या बाकांवरची मुलं तिला आठवली आणि आपण हे हरतो आहोत हे तिला स्पष्ट दिसलं.

"मॅडम," डॉक्टर मृदूपणे म्हणाले, "गाळून प्यायलं की हे सगळं चक्र तुटतंच ना?"

"प्रत्येकजण प्रत्येक वेळी गाळेल का? रानात ओंजळीनं पिणारा? शाळेतून पळत आलेलं पोर?"

"शिकवावं लागेल. वेळ लागेल, मान्य आहे."

"तेवढा वेळ भिंत राहू द्या."

"पण आता गावात नारूच नाही, मॅडम. वर्षानुवर्षं नाही. पाण्यात सोडायला तो येणार कुठून?"

तिनं समोर पाहिलं. माणसांच्या मागं, लिंबाच्या सावलीच्या काठावर, एकजण पाय लांब करून बसला होता. घोट्याच्या वर मळकं फडकं गुंडाळलेलं. उन्हात असूनही तो आत सरकत नव्हता.

"ते कोण आहेत?" तिनं विचारलं.

"तो पुंजाराम," काकासाहेब म्हणाले. "मागल्या साली तिकडं दुष्काळी कामावर व्हता, बालाघाटाकडं. परवाच परत आला. काटा मोडलाय त्याला."

"काटा नाय," पुंजाराम म्हणाला. तो चाळिशीचा, हडकुळा माणूस होता. "काट्यानं येवढी आग व्हत नाय. अंगार ठेवल्यावाणी जळतंय."

पद्मजा त्याच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. "पाहू?"

फडकं सोडलं. रुपयाएवढा फोड होता, नुकताच फुटलेला. मध्यभागी बारीक भोक. वीस वर्षं ती हे पुस्तकात आणि काचेच्या बरणीत पाहत आली होती. जिवंत माणसाच्या पायावर कधीच नाही.

"आग कशानं कमी होते?"

"पाण्यात घातल्यावर. दुसऱ्या कशानं नाय."

"अजून घातला नाहीत?"

"सकाळीच फुटला. घरात पाणी कुठं येवढं? भिंत निघाली की सांजच्याला बारवेत जाऊन पायरीवर बसावं म्हणलं." तो ओशाळवाणा हसला. "तेवढ्यापायीच तर सभेला आलो."

ती उठली. "एक घमेलं आणा. काळं, लोखंडी. त्यात रहाटाचं स्वच्छ पाणी."

घमेलं आलं. कडूबानंच आणलं. लोक उठून भोवती कडं करून उभे राहिले. पुंजारामनं पाय पाण्यात घातला आणि डोळे मिटून लांब श्वास सोडला. काही झालं नाही. पाणी नितळ, तळाचं काळं लोखंड दिसत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "जादूचा खेळ हाय का काय?" आणि हशा पिकला.

मग फोडाच्या भोकातून काहीतरी ढगासारखं बाहेर आलं. दुधाचा थेंब पाण्यात पसरावा तसं. आणखी एक. पांढुरकी धार घमेल्यात वळसे घेत तळाशी गेली.

हसणं थांबलं.

"दुधावाणी," कडूबा पुटपुटला.

"ही त्याची पिल्लं आहेत," पद्मजा म्हणाली. "एकेक करून दिसणार नाहीत, इतकी बारीक. यांनी आज संध्याकाळी बारवेत पाय घातला असता तर ही सगळी पाण्यात गेली असती. आणि पुढच्या उन्हाळ्यात कुणाच्या पायाला आग लागली असती, ते मला सांगता येत नाही. इथल्या कुणाच्याही. तुमचं नातवंड असेल, काकासाहेब."

डॉक्टर घमेल्यावर वाकून पाहत होते. त्यांनीही हे चित्रातच पाहिलं असावं. ते सरळ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम बरोबर सांगतात. मी पिणाऱ्याच्या बाजूनंच विचार करत होतो. या बाजूनं केलाच नव्हता. भिंत काढू नका."

"म्हंजी दरोगासाहेबांचं बरोबर व्हतं का चूक?" मघाचा म्हातारा वैतागून म्हणाला. "एक काय ते सांगा ना."

"दोन्ही," पद्मजा म्हणाली.

तिला वाटलं, संपलं. अंगातली महिन्याभराची तगमग आता उतरेल, एखाद्या कट्ट्यावर निवांत बसता येईल. पण घमेल्याभोवतीचं कडं मोठं होत चाललं होतं. माणसं एकेक पाऊल मागं सरत होती. आणि त्यांच्या नजरा घमेल्यावर नव्हत्या. पुंजारामवर होत्या.

"ह्यो गावात नारू घेऊन आला," कुणीतरी म्हणालं.

"परवा माझ्या ओट्यावर बसला व्हता."

"याच्या बायकोला रहाटाला हात लावू देऊ नका."

"पार बरा होईस्तवर त्याला गावाबाहेरच्या कोठ्यात ठेवा."

"असं काही करायची गरज नाही!" पद्मजाचा आवाज चढला. "ओट्यावर बसून नारू होत नाही. हात लावून होत नाही. ते पाण्यात उतरले तरच, आणि भिंत आहे तोवर ते उतरूच शकत नाहीत. भिंत त्याचसाठी आहे. ती असली की कुणाला अडवावं लागत नाही."

काकासाहेबांनी जरा विचार केला. ते वाईट माणूस नव्हते. "भिंत ठेवू, ताई. तुमचं पटलं. पर ह्याच्या घरच्यांनी तेवढे दिवस बारवेवर यायचं नाय, हेबी ठरवून टाकू. दोन्ही केलं तर बिघडलं कुठं?"

माना डोलल्या. डॉक्टर काहीतरी समजावू लागले, पण माणसं आपापसात बोलत होती. सभा मोडल्यासारखीच झाली होती. काकासाहेब ठराव लिहायला ग्रामसेवकाला शोधत चावडीत गेले.

पुंजारामचा पाय अजून घमेल्यातच होता. त्याच्याजवळ आता पद्मजाशिवाय कुणी नव्हतं. हे पाणी बारवेपासून लांब, तापलेल्या फुफाट्यात ओता, घमेलं उन्हात पालथं घाला, किडा ओढू नका, डॉक्टरांना रोज पाय दाखवा, असं सगळं तिनं त्याला सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "बाई, राग मानू नका. दरोगासाहेबाच्या हिशेबात चिखल गुन्हेगार व्हता. तुमच्या हिशेबात मी झालो."

ती त्याच्या फडक्याची घडी घालू लागली.

"त्यांचं चुकीचंच बरं व्हतं," पुंजाराम साधेपणानं म्हणाला. "त्यात कुणाचं नाव नव्हतं."

तोवर बारवेच्या बाजूनं आवाज आले. पद्मजा उठून तरातरा तिकडं गेली. रहाटापाशी बायांची गर्दी होती आणि गर्दीपासून चार हात दूर एक बाई रिकामी घागर घेऊन उभी होती. पुंजारामची बायको, भागूबाई. चावडीवरची बातमी तिच्या आधी इथं पोचली होती. कुणी तिला काही म्हणत नव्हतं. फक्त तिच्यासाठी जागा होत नव्हती.

पद्मजा सरळ आत शिरली. बायांनी तिला वाट दिली, पाहुणी म्हणून. तिनं दोर हातात घेतला आणि पोहरा आत सोडला. रहाट गरगर फिरला, पोहरा खाली, खूप खाली गेला आणि एका बाजूला कलंडून भरला. तिनं ओढायला सुरुवात केली.

दोर किती जड असतो याची तिला कल्पना नव्हती. चार-सहा हात वर येईतो तळव्यांची आग व्हायला लागली. पुढं तर खांद्यातून कळ येऊ लागली. पोहरा अजून अंधारातच होता. घामानं दोर निसटत होता. वडिलांनी इथं रहाट बसवला तेव्हा हा दोर रोज कोण ओढणार याचा विचार केला असेल का, असं तिच्या मनात आलं. पाठोपाठ कळलं की मघाशी लिंबाखाली भिंतीची बाजू मांडताना आपणही तो केला नव्हता.

कसाबसा पोहरा काठावर आला. तिनं भागूबाईला हात केला. भागूबाई जागची हलेना. पद्मजानं स्वतः जाऊन तिची घागर आणली, घागरीच्या तोंडावर आपला पदर दुहेरी करून धरला आणि पाणी ओतलं. पोहऱ्यात थोडं उरलं, ते गाळून ओंजळीत घेतलं आणि सगळ्यांसमोर प्यायली.

बाया एकमेकींकडं पाहत होत्या. काहींच्या घागरी अजून रिकाम्या होत्या, पण त्या पोहऱ्याला हात लावायला कुणी पुढं येईना. पद्मजानं पोहरा परत आत सोडला. यापलीकडं दुसरं काय करावं ते तिला सुचत नव्हतं.

या वेळी अर्ध्यावर हात थांबले. दोर खाली घसरायला लागला तोच मागून कुणीतरी तो धरला.

"पाय रोव," वच्छलाबाई म्हणाल्या. "दोर हातानं वढत नसतात, कंबरेनं वढतात. मास्तरीण हाय म्हणं." आपला वाकडा खांदा पुढं घालून त्यांनी दोर खेचला आणि पोहरा बघता बघता वर आला. त्यांनी आपली घागर पायानंच पुढं सरकवली. "वत हिच्यात. फडक्यातून वत, उगं घाईत नको."

"आत्या, तिच्या घागरीपाठोपाठ?" एक तरुण सून दबक्या आवाजात म्हणाली.

"मग काय झालं? तिचा नवरा घागरीत पाय घालतो का?"

दोघी-तिघी फिसकन हसल्या. भागूबाई हसली नाही, पण तिनं घागर कमरेवर घेतली आणि घराकडं न जाता तिथंच उभी राहिली.

काकासाहेब ग्रामसेवकाला घेऊन कोपऱ्यावरून आले. समोरचं पाहून थबकले. "वच्छलाबाई, ठराव व्हायचाय अजून. ह्या घरानं पाण्यावर यायचं नाय म्हणून."

"लिहा की सावकाश," वच्छलाबाई म्हणाल्या. "आमचं पाणी भरून झालं."

ग्रामसेवकानं काकासाहेबांकडं पाहिलं. काकासाहेबांनी बायांकडं पाहिलं, मग पुंजारामच्या दिशेनं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "भिंतीचं तेवढं लिहून घ्या," ते ग्रामसेवकाला म्हणाले. "बाकीचं बघू." आणि दोघं परत फिरले.

पद्मजाला हायसं वाटायला हवं होतं. तिनं तळवे उघडून पाहिले. दोन्हींवर लाल पट्टे उठले होते.

"भिंत राहिली," वच्छलाबाई तिच्या हातांकडं पाहत म्हणाल्या, "म्हंजी दोरबी राहिला आमच्या नशिबात. त्याचं काय, बाई? ते कुठल्या पुस्तकात लिवलंय का?"

"नाही," पद्मजा म्हणाली.

"मग?"

दुसरा रहाट, लोखंडी चाक, जिल्हा परिषदेकडं अर्ज, असं बरंच तिच्या मनात येऊन गेलं. त्यातलं एकही वचन म्हणून देता येण्याजोगं नव्हतं. दुपारच्या गाडीची वेळ होत आली होती. रहाटापाशी अजून घागरी रांगेत होत्या. ती जाग्यावरून हलली नाही.

"मला कंबरेनं कसं ओढायचं ते परत दाखवा," ती म्हणाली, आणि पोहरा आत सोडला.